आईकडून आलेलं

मी मानवतच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. चाळिशी ओलांडली आणि वर्गातल्या मुलींचं बोलणं मला नीट ऐकू येईनासं झालं. त्याच सुमारास साखरही निघाली. आईचं असंच झालं होतं, आधी कान, मग साखर. पिंगळीच्या मामांचंही तेच. मावशीला तर विशीतच कमी ऐकू यायला लागलं. "त्या घराला बाहेरचं कायतरी हाय," असं लोक म्हणायचे. तिचं लग्न त्यापायीच राहिलं.

परभणीच्या डॉक्टरबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे सगळे आईकडचेच ना?" मग रक्त बाहेरगावी तपासायला पाठवलं.

दोष तंतुकणिकांमधल्या एका इवल्याशा जीनमध्ये निघाला. पेशीतल्या तंतुकणिका अन्नातून ऊर्जा काढतात, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. पण त्यांचे स्वतःचे जीन असतात आणि त्यातले काही ट्रान्सफर आरएनए घडवतात, एवढ्या खोलात आमचं पुस्तक जात नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "प्रथिन तयार होताना एकेक अमिनो आम्ल नेमक्या जागी आणून द्यायचं, हे त्या आरएनएचं काम. तिथं बिघाड झाला की प्रथिनं धड बनत नाहीत आणि ऊर्जा कमी पडते. कानाला आणि स्वादुपिंडाला ती फार लागते." या दोषात आधीची योग्य नव्हती, म्हणून त्यांनी माझी साखरेची गोळीही बदलली.

घरी आल्यावर आईच्या कानाशी मोठ्यानं बोलत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या मावशीला ह्ये कुणीतरी सांगाया पायजे होतं गं." मावशी जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"मंग तुला मीच दिलं म्हण की."

"तुला तरी कुठं ठाऊक होतं? तुलाही आजीकडूनच आलं."

"आन आपल्या पोरीला?"

तंतुकणिका आईकडूनच येतात. माझ्या भावाच्या मुलांना धोका नाही, माझ्या मुलीला आहे, पण किती, ते सांगता येत नाही. ती समोरच बसली होती. म्हणाली, "मला आत्ता तपासायचं नाही. वाटलं की मीच सांगीन."

मी काही बोलणार, तेवढ्यात आईनं विचारलं, "काय म्हणाली?" मी सांगितलं.

"बराबर हाय तिचं," आई म्हणाली.

मुलीनं अजून तपासणी केलेली नाही. कॉलेजातून फोन करते तो व्हिडिओवरच. आम्हा दोघींना तिचे ओठ वाचता यावेत म्हणून सावकाश बोलते.