आईचा पुढे केलेला हात

गेल्या पावसाळ्यात बालीगंजच्या आमच्या रस्त्यावर गुडघ्याच्या वर पाणी तुंबलं आणि भाजी घेऊन येणारी आई त्यात पडली. दुसऱ्या दिवशी पेपरात तिचा फोटो. अर्धी पाण्यात, केस विस्कटलेले, हात पुढे केलेला. खाली छापलं होतं, मदतीसाठी केलेला हात. माझं डोकंच फिरलं. समोर म्हातारी पडलीय आणि हा गृहस्थ फोटो काढत बसलाय.

आईला कोणीतरी उचलून औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसवलं होतं. कोणी, ते तिला सांगता येईना, चष्मा पाण्यात गेलेला. "छातीवर काहीतरी टणक होतं त्याच्या, गालाला लागलं," एवढंच म्हणायची. गालावर अर्धगोल वळ उठला होता.

तो वळ मावळायच्या आत फोटोवाला स्वतःच दारात हजर. औषधवाल्याकडून पत्ता काढला म्हणे. गळ्यात कॅमेरा, हातात संदेश या बंगाली मिठाईचा डबा. डबा बघून माझी खात्रीच पटली, इथे पाणी मुरतंय. 'माशिमा', म्हणजे मावशी, 'तब्येत कशी आहे' वगैरे झाल्यावर गाडी मुद्द्यावर आली. फोटो प्रदर्शनात लावायचा होता. आईची परवानगी हवी होती.

"फोटो काढलात, मग काय केलंत?" मी हिंदीत विचारलं. "निघून गेलात?"

"नाही, मीच उचललं त्यांना."

आता काय, कोणीही म्हणेल. चहा ठेवताना मी मुद्दाम वाकून कॅमेरा बघितला. भिंगाभोवतीची कड आईच्या गालावरच्या वळासारखीच होती. म्हणजे उचललं होतं खरं. तरी मी सोडलं नाही.

"आधी फोटो, मग हात. असंच ना?"

"हो. त्यांनी मदतीला हात केला, तसा एक काढला आणि धावलो."

निदान खोटं तरी बोलत नव्हता. मी निवळले. म्हटलं, लावू दे बापड्याला. आईकडे वळले, तर ती नव्या चष्म्यातून तो फोटो पहिल्यांदाच नीट बघत होती. जन्मभर शाळेत शिकवलेली बाई, केस विंचरल्याशिवाय दूधवाल्यालाही दार उघडत नाही.

"अगं, मी मदत कुठे मागत होते?" ती मला म्हणाली. "चष्मा नसला तरी डोळ्याला कॅमेरा लावलेला माणूस कळतो मला."

मी फोटो पुन्हा पाहिला. तळवा सरळ समोर, बोटं ताठ. इतके दिवस माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं. तोही बघत राहिला.

आई त्याच्याशी बंगालीत बोलली, अगदी हळू. "उचललंस, त्याचे उपकार आहेत बाबा. पण हा लावू नकोस. तेव्हाही तुला हेच सांगत होते."