इफराची कॅरव्हॅन ओढणार कोण?

यासीनभाई मुकादम मूळचे दाभोळचे. वडील मच्छीमार लाँचवर तांडेल, म्हणजे लाँचचे प्रमुख. लहानपणी यासीनभाईंनाही लाँचवर जावं लागे, पण डिझेलचा धूर नाकात गेला की त्यांच्या पोटात ढवळायचं. "लोक पोटासाठी गाव सोडतात. मीही पोटासाठीच सोडलं, फक्त वेगळ्या कारणाने," असं ते हसत सांगत. मुंबईत एसी दुरुस्ती शिकले आणि तिथून सौदीला, डोंगरावरच्या खमीस मुशैतला आले. माझे यजमान अरविंद तिथल्या वीज केंद्रात इंजिनिअर. आम्ही नाशिकहून गेलो तेव्हा मुकादम कुटुंब तिथे चांगलं रुळलं होतं. समोरासमोर दारं. त्यांची बायको हफीजाभाभी पहिल्याच दिवशी सोलकढीचं भांडं घेऊन दारात उभी राहिली. तेव्हापासून आमची दोन घरं एकच झाली.

इफरा त्यांची एकुलती एक. तिचं लग्न श्रीवर्धनच्या जुनैदशी ठरलं होतं. जुनैद तांबड्या समुद्राकाठच्या राबिघच्या रिफायनरीत होता. लग्न दाभोळला व्हायचं होतं, पण जानेवारी ९१मध्ये आखाती युद्ध पेटलं. आमच्या गावाजवळच हवाई तळ. विमानं उठली की काचा थरथरायच्या, मुलं गच्चीवर पळायची आणि आम्ही त्यांना खाली ओढून आणायचो. जुनैदची सुट्टी रद्द झाली, विमानसेवेचा भरवसा उरला नाही. हफीजाभाभी एक दिवस रडली. दुसऱ्या दिवशी डोळे पुसून म्हणाली, "नवरा इथे, नवरी इथे. दाभोळात नुसता मांडवच ना? रमजानच्या आधी राबिघलाच लावू."

प्रश्न राहायचा होता. जुनैद राहायचा एकट्या पुरुषांच्या बराकीत. कुटुंबाचं क्वार्टर मिळायला अवकाश होता. मात्र क्वार्टर्सच्या मागे मोकळी जागा आहे, वीज-पाण्याची सोय होईल, स्वतःची केबिन आणलीत तर उभी करा, असं त्याच्या साहेबांनी सांगितलं.

यासीनभाईंचे डोळे चमकले. त्यांच्या कफीलच्या, म्हणजे त्यांना कामावर आणणाऱ्या अरब मालकाच्या, अबू फहदच्या आवारात एक जुनी कॅरव्हॅन पडून होती. गाडीच्या मागे जोडून न्यायची, आत पलंग, ओटा, बेसिन, सगळं असलेली चाकांवरची खोली. कुणी परदेशी इंजिनिअर जाताना ती मागे सोडून गेला होता. अबू फहदने इफराला परकरात पाहिलेलं. तो म्हणाला, "घेऊन जा. माझ्याकडून मुलीला भेट." यासीनभाईंनी ती घासली, रंगवली, तिला नवा एसी बसवला. आम्ही बायकांनी पडदे शिवले. इफरा तर आतच राहायला गेल्यासारखी दिवसभर तिथे.

आता ती खोली डोंगरावरून खाली समुद्रापर्यंत आणि तिथून किनाऱ्याने राबिघला ओढणार कोण?

अबू फहदकडे दोन गाड्या होत्या. एक अमेरिकन पिकअप, पेट्रोलवर चालणारी, लालभडक, चमचमती. दुसरी जपानी, डिझेलची, मागे लोखंडी हौदा असलेली छोटी लॉरी. रंग उडालेला, आवाज खडखडाटी. तो म्हणाला, हवी ती न्या.

"अब्बा, प्लीज, लाल गाडी!" इफरा म्हणाली. "शादी है मेरी, कोई सिमेंट का माल थोड़े ही है!"

यासीनभाईंना वेगळं सांगायची गरजच नव्हती. पेट्रोलचं इंजिन म्हणजे त्यांचा जीव की प्राण. बॉनेट उघडून ते इंजिन चालू करायचे आणि गाणं ऐकावं तसे ऐकत उभे राहायचे. "काय ताकद आहे बघा, अरविंदराव. पायाने नुसतं विचारलं तरी पळते."

अरविंद म्हणाले, "पळते, कबूल. पण ओझं ओढायला डिझेल बरं. हळू जाईल, पण दमणार नाही."

"आणि युद्धात डिझेल मिळालं नाही तर? पंपावर सगळ्या लष्कराच्या गाड्या."

"हौद्यात पिंप ठेवू ना भरून."

चार संध्याकाळी हाच वाद. चहाचे कप वाढत गेले, निकाल लागेना. शेवटी हफीजाभाभी वैतागली. "अहो, तोंडाने कसल्या गाड्या चालवताय? जोडा आणि बघा. माझी काचेची भांडी आत जायची आहेत. कुठली गाडी ती फोडणार ते मला कळायला हवं." तिने बादलीभर पाणी कॅरव्हॅनच्या मधोमध ठेवलं आणि बाहेरून दार लावलं.

शुक्रवारी आम्ही सगळे गावाबाहेरच्या चढावर गेलो. कॅरव्हॅनमध्ये तांदळाची पोती भरली, म्हणजे संसाराइतकं वजन झालं. आधी लाल गाडी. ती काय झोकात निघाली! चढ तिने हां-हां म्हणता पार केला. पण वरून परतताना कॅरव्हॅन मागे शेपटीसारखी हलायला लागली. पिकअप पुढे, खोली एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. यासीनभाई खाली आले तेव्हा कपाळावर घाम होता आणि इंजिन तापल्याचा काटा वर चढलेला. दार उघडलं तर बादली आडवी, पोती भिजलेली.

बादली पुन्हा भरली, मग डिझेलची लॉरी. खडखडत, धूर सोडत, बैलासारखी मान खाली घालून ती चढली. उतारावर मात्र यासीनभाईंनी दुसरा गिअर टाकला आणि स्टिअरिंगजवळची एक दांडी ओढली. त्या दांडीने इंजिनाचा धूर अडतो आणि इंजिनच चाकांना मागे धरून ठेवतं. लॉरी घसरली नाही, धावली नाही, पावलं मोजत उतरावी तशी आली. कॅरव्हॅन तिच्या मागे शहाण्यासारखी सरळ. बादलीतलं पाणी थोडं हिंदकळलं होतं, तेवढंच.

 यासीनभाई लाल गाडीजवळ गेले, तिच्या बॉनेटवर हात फिरवला, मग आमच्याकडे वळले. "चढणारी गाडी मला आवडते," ते म्हणाले, "पण माझी पोरगी उतरणार आहे." आणि मग इफराकडे बघून, "बेटा, त्या लॉरीला कुठला रंग देऊ?"

"लाल!" ती ओरडली. दुसऱ्याच दिवशी लॉरी लाल झाली.

फेब्रुवारीत आम्ही निघालो. लॉरीत यासीनभाई, हफीजाभाभी आणि मध्ये इफरा. भाभीने नवऱ्याच्या खिशात लवंगा आणि लिंबं भरली होती, धुरावर उपाय म्हणून. मागे आमच्या गाडीत मी, अरविंद आणि आमची तन्वी. कॅरव्हॅनला जरीच्या झिरमिळ्या.

घाटाच्या तोंडाशीच लष्कराची चौकी. एवढी मोठी बंद पेटी पाहून तरुण शिपाई बंदूक सावरत आला. इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, पाहिले, कफीलची परवानगी पाहिली, तरी कपाळावरची आठी जाईना. "आत काय आहे?"

यासीनभाई म्हणाले, "अरूसा. नवरीचं घर."

शिपायाने दार उघडायला लावलं. आत गुलाबी पडदे, मऊ गाद्या, भिंतीला टांगलेला आरसा आणि पलंगावर रचलेल्या हफीजाभाभीच्या फेण्यांच्या परड्या. त्याने एकदा त्या घराकडे पाहिलं, एकदा लॉरीत लाजून बसलेल्या बुरख्यातल्या नवरीकडे, आणि मोठ्याने हसला. "मबरूक! अलफ मबरूक!" मुबारकबाद ऐकून बाकीचे शिपाईही धावत आले. एकाने खजुरांची पिशवी आणून दिली. "यल्ला, सावकाश जा," तो म्हणाला, "खाली धुकं आहे."

धुकं कसलं, दुधाचा हंडाच सांडला होता. अरविंद लॉरीच्या मागच्या दिव्यांवर नजर रोखून चालवत होते. मी तन्वीला कुशीत धरून सगळ्या देवांची नावं घेत होते. एका वळणावर ते दिवे एकदम थबकले. पुढे रस्ताभर वानरं! ही मोठी थोरली, आयाळवाली, पिल्लांना पाठीवर घेऊन निवांत बसलेली. उतार तीव्र, शेजारी दरी, मागे एवढी खोली. पण कॅरव्हॅनने लॉरीला जरासुद्धा ढकललं नाही. सगळं जिथल्या तिथे उभं राहिलं.

मग त्यातला म्हातारा वानर उठला आणि सरळ कॅरव्हॅनच्या टपावर चढला. एक झिरमिळी ओरबाडली, गळ्यात अडकवली आणि बसला ऐटीत. इफरा खिडकीतून ओरडली, "अम्मी, दूल्हा आ गया!" हफीजाभाभी इतकी हसली की तिला उचकी लागली. शेवटी आम्ही खजूर दूर फेकले तेव्हा वरात पुढे सरकली.

खाली उतरलो आणि ऊन, गरम वारा, निळा समुद्र! कुन्फुदाजवळ हफीजाभाभीने लॉरी थांबवायला लावली. कित्येक वर्षांनी तिने ताजा मासा स्वतः कल्ले उचलून निवडला. कॅरव्हॅनच्या ओट्यावर पहिलं जेवण तेच झालं. आम्ही दोघी आत तळत होतो आणि यासीनभाई सावलीत लॉरीला टेकून बसले होते. "भाभी, धुराने त्रास झाला का यासीनभाईंना?" मी विचारलं. ती म्हणाली, "लिंबं संपली गो. पण एक शब्द बोलले नाहीत."

दुसऱ्या दिवशी राबिघला जुनैदचे मित्र रस्त्यावरच उभे होते. केरळी, पठाण, कोकणी, सगळे. त्यांनी डबे बडवत लॉरीला आवारापर्यंत आणलं. संध्याकाळी तिथेच निकाह झाला. पुरुष बाहेर सतरंजीवर, आम्ही बायका इफराला घेऊन आत. निकाहाचे वकील, म्हणजे नवरीची संमती विचारणारे, आणि दोन साक्षीदार खिडकीशी आले. गुलाबी पडद्याआडून त्यांनी तिला विचारलं, जुनैदशी निकाह कबूल आहे का. इफरा, दिवसभर बडबडणारी ती पोर, पडद्याची कड बोटांभोवती गुंडाळत बसली. बाहेर सगळे कान देऊन उभे. हफीजाभाभीने हळूच तिच्या पाठीवर हात ठेवला.

"कबूल," ती म्हणाली. आवाज लहान, पण खिडकी उघडी होती. सगळ्यांना ऐकू गेला. यासीनभाईंनी डोळे पुसले आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघितलं. सगळ्यांनीच पाहिलं होतं.

फेब्रुवारी सरता सरता लढाई थांबली. बॉम्बच्या भीतीने काचांवर लावलेल्या चिकटपट्ट्या आम्ही काढल्या. क्वार्टर मिळायला पुढे दीड-दोन वर्षं गेली. तोवर इफरा-जुनैदने त्याच खोलीत संसार केला, दारापुढे कुंड्यांत कढीपत्ता वाढवला. त्यांची झोया झाली तेव्हा हफीजाभाभी बाळंतपणाला गेली ती परतायचं नावच घेईना. किनारा, नात आणि रोज ताजी मासळी! यासीनभाई आमच्याकडे जेवायला यायचे आणि तिला राबिघला फोन लावायचे.

"शर्मिलाताई, तुम्हीच सांगा हो तिला," रिसीव्हर माझ्या हातात देत ते म्हणायचे, "मी लेक दिली होती, बायको नव्हती दिली."