तीन इंच की एक

वडील गेल्यावर त्यांची जीप माझ्याकडे आली. चंदगडच्या काजूच्या बागेकडे जाताना तिचं पोट दगडांना घासायचं, म्हणून लिफ्ट किट बसवून ती तीन इंच उंच करायची, असं त्यांनी ठरवलं होतं. ते राहिलेलं काम करावं म्हणून मी आईला घेऊन उद्यमनगरातल्या गॅरेजवर गेले.

किट बसवण्याआधी मिस्त्रींनी चारी चाकांखाली तीन इंच जाडीच्या फळ्या घातल्या. "बसून बघा, मावशी."

आईनं दार धरून पाय उचलला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला. गुडघा वर येईना.

"गाडी कशी वाघावानी दिसतीया बघा की!" मिस्त्री म्हणाले.

"दिसू दे. मी काय मागनं चालत येऊ व्हय?"

"बाबांनी तीनच म्हटलं होतं," मी म्हणाले.

"त्यास्नी दगड दिसलं. माझा गुडघा कुठं दिसला?"

मी फळ्या बदलायला सांगितल्या. एक इंच उंचीवर आई सावकाश चढून बसली.

"एका इंचानं दगड चुकायचं न्हाईत, ताई," मिस्त्रींनी बजावलं.

मोठा दगड आला तर मी उतरून बाजूला करीन, असं मी त्यांना सांगितलं आणि एक इंचाचंच किट बसवायला लावलं.