धुराडेकाकांचे आकाश

सकाळी उठल्यावर लोक एकमेकांना गुलाब पाठवतात, गणपती पाठवतात, वाफाळता चहा पाठवतात. आमच्या चौथ्या मजल्यावरचे धुराडेकाका धुराडी पाठवत. खाली 'शुभ सकाळ' आणि वर एमआयडीसीतला गंजका बॉयलर, जांभळ्या आकाशात एखाद्या राजवाड्यासारखा उभा. सोसायटीच्या ग्रुपवर तो फोटो पहिल्यांदा आला तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. तुमचे आजोबा म्हणाले, "चुकून आला असेल. काढतील." दुसऱ्या दिवशी तेलाची टाकी आली, तिसऱ्या दिवशी पाइपांचे भेंडोळे. तेव्हापासून त्यांचे खरे आडनाव अंबरनाथ पूर्वेत कोणी वापरले नाही.

मुलांनो, तुम्ही एकदा सुट्टीत आलात तेव्हा ते तुम्हाला गच्चीवर घेऊन गेले होते. तुम्ही फार लहान होतात. आयुष्यभर त्यांनी एका कंपनीत बसून पाइपांची ड्रॉइंगे काढली. निवृत्त झाल्यावर फोन हातात आला आणि त्यांना फोटो रंगवण्याचा नाद लागला. दुपारभर गॅलरीत बसून ते पडद्यावरच्या पट्ट्या इकडून तिकडे सरकवत. सावल्या उजळत, निळा चढवत, विजेच्या तारा बोटाने घासून पुसून टाकत. गंजाला मात्र हात लावत नसत. "गंज म्हणजे लोखंडाची हळद," म्हणत. "ती कशी पुसायची?"

त्यांचे दुसरे म्हणणे असे, की कारखाना कुरूप नसतो, आपण त्याच्याकडे नाक दाबून बघतो. "नाक दाबलं की डोळेपण बारीक होतात, वहिनी. करून बघा." मी करून पाहिले आणि ते खरे निघाले. काकींना मात्र यातले काही पटत नसे. त्या आल्यागेल्याला हॉलची भिंत दाखवून सांगत, "लोकांच्या घरी देवाचा फोटो असतो, आमच्याकडे बॉयलर आहे. संध्याकाळी दिवा कुणापुढे लावू, सांगा."

एकदा त्यांच्याबरोबर मी आणि काकी उल्हासनगरला गेलो. मला पडद्यांचे कापड हवे होते, त्यांना एक फोटो मोठा छापून हवा होता. कॅम्प नंबर तीनमधल्या छपाईवाल्या सिंधी दुकानदाराने फोटो पडद्यावर उघडला आणि माउसवरचा हात बाजूला घेतला. मोरपंखी पाणी, त्यावर सोनेरी कवडसे. "साईं, ये कहाँ का है? कश्मीर?" काका म्हणाले, "तुमच्या दुकानामागचा नाला आहे. जीन्स धुतलेलं पाणी." दुकानदार उठला, मागचे दार उघडून बाहेर बघून आला, पुन्हा पडद्याकडे पाहत बसला. "मैं तो रोज नाक पकड़ के निकलता हूँ," एवढेच म्हणाला. मला वाटते, त्या माणसाला दिवसभर धड काम सुचले नसावे. मलाही सुचले नाही. कापड न घेताच घरी आले.

अशा फोटोंना ग्रुपवर हसणारे पुष्कळ, पण मनापासून वाट पाहणाऱ्या एकच, तळमजल्यावरच्या मावशी. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, दम्याच्या. दम्यामुळे जिने चढणे बंद, त्यामुळे गच्चीवरून काय दिसते ते त्यांना काकांच्या फोटोतूनच कळे. रोज त्यांचे उत्तर येई, "जयभीम काका. आजचं आकाश झकास." काका ते उत्तर काकींना वाचून दाखवत. काकी म्हणत, "बघा, एक तरी गिऱ्हाईक आहे."

आता ती सकाळ. थंडीचे दिवस होते. ग्रुपवर काकांचा फोटो आला: सगळी एमआयडीसी पिवळसर दुलईखाली झोपलेली, त्यावर तांब्याच्या ताटलीसारखा सूर्य. इतका देखणा फोटो त्यांनी कधी पाठवला नव्हता. धडाधड टाळ्या आल्या. कोणी लिहिले, "काका, आज पिवळा जरा जास्त झालाय." आजोबा म्हणाले, "म्हाताऱ्याचा हात बसला हं आता." फोटोखाली काकांनी काही लिहिलेही होते, पण ते रोजच कोणती पट्टी किती सरकवली ते तिथे लिहीत आणि ते रोजच कोणी वाचत नसे.

मी कुंड्यांना पाणी घालायला गॅलरीत गेले आणि डोळ्यांत चटकन काहीतरी झोंबले. घसा खवखवला. परत येऊन फोन उचलला, फोटोखालचे वाचले. "हा फोटो रंगवलेला नाही. गॅस सुटला आहे. खिडक्या लावा."

तेवढ्यात जिन्यावरून काठी आपटल्याचा आवाज आला. काका तोंडाला ओला पंचा बांधून प्रत्येक दारावर काठी मारत खाली येत होते. आमच्या दाराशी थांबले. "मावशींचं उत्तर वाचलंत?" मी फोनवर आणखी खाली बघितले. मावशींनी लिहिले होते, "जयभीम काका. आज राहवत नाही. प्रत्यक्ष बघायला बाहेर बसते."

आजोबा आणि काका धावले. मावशी कंपाउंडातल्या बाकावर शाल घेऊन, एमआयडीसीकडे तोंड करून बसल्या होत्या. ओठ निळे पडले होते. दोघांनी उचलून त्यांना रिक्षात घातले. त्या वाचल्या, पण कितीतरी दिवस दवाखान्यात होत्या आणि तिथून जो श्वास घेऊन आल्या तो पूर्वीच्या निम्म्यानेही नव्हता.

दरम्यान चौकशीला एक साहेब आले. आमची सोसायटी खाली जमली. कंपनीचे म्हणणे होते की नुसते धुके होते आणि मावशींचा दमा जुनाच होता. पुरावा एकच, काकांचा तो फोटो. साहेबांनी तो पाहिला, मग काकांचे जुने फोटो मागून पाहिले, जांभळे बॉयलर, मोरपंखी नाले, सगळे. फोन परत देत अगदी सभ्यपणे म्हणाले, "आजोबा, कला उत्तम आहे तुमची. पण हे मी रिपोर्टला कसं लावू?"

काका फोन हातात धरून तसेच उभे. त्यांचा चेहरा मी त्यापूर्वी आणि त्यानंतर कधी तसा पाहिला नाही.

त्यांनी फोटो पाठवणे बंद केले. मावशी घरी आल्यावर आम्ही भेटायला गेलो, तेव्हा काका दारातच थांबले. म्हणाले, "तुम्हाला बाहेर मी बसवलं."

मावशींनी श्वास गोळा केला. "बसवलं तुम्ही. गॅस तुम्ही सोडला का? मग ज्याने सोडला त्याच्यासारखं तोंड लपवून का फिरताय? फोटो पाठवा. नुसते पाठवा."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी त्याच गच्चीवरून तीच धुराडी येऊ लागली, करडी, मळकी, काही न केलेली. चार दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. "काका, जुने टाका ना. हे बघवत नाहीत." काकांचे उत्तर, "मलाही बघवत नाहीत. पण आता साहेब आले की गॅसच्या फोटोशेजारी हे रोजचे ठेवून दाखवता येतील."

उन्हाळ्यात काका-काकी मुलीकडे कोल्हापूरला कायमचे गेले. जाताना त्यांनी गच्चीची किल्ली माझ्या हातात ठेवली. तेव्हापासून मी रोज वर जाऊन फोटो काढते आणि ग्रुपवर टाकते. साहेब अजून आलेले नाहीत.

परवा मात्र वर गेले आणि पाहतच राहिले. सगळ्या टाक्यांवर केशरी उजेड सांडला होता, धूर गुलाबी झाला होता. मी कशालाही हात न लावता फोटो पाठवला. लगेच मावशींचा निरोप आला. "जयभीम वहिनी. आज रंग घातलात का?"

मी लिहिले, "नाही."

थोड्या वेळाने पुन्हा आला. "मग बाहेर येऊन बघू, का खिडकी लावू?"

मी फोन खाली ठेवला, कठड्यापाशी गेले, हवेचा वास घेतला, आणि मग उत्तर लिहिले.