देवापुढचा नग

मुलीच्या कॉलेजच्या पुस्तकात जागतिक अर्थव्यवस्थेतल्या प्रमुख संकल्पनांवर एक धडा आहे. परीक्षेआधी ती मला म्हणाली, "आई, तू तर चाकणलाच असतेस. पुस्तकात नसलेलं एखादं उदाहरण सांग ना." मी कणीक मळत होते. म्हटलं, पुस्तकातलंच लिही, मार्क मिळतील. उदाहरण माझ्याकडे होतं, पण सांगायला जीभ रेटेना.

वीस वर्षं होत आली, मी रहाटणीहून चाकणला कंपनीच्या बसने जाते-येते. मालाची तपासणी हे माझं खातं. आम्ही एक पोलादी भाग बनवतो, मुठीत मावेल एवढा, त्याला तेलासाठी एक बारीक आडवं छिद्र. तो जर्मनीला जातो आणि तिथल्या ट्रकच्या ब्रेकमध्ये बसतो. तो ट्रक मी कधी पाहिलेला नाही. पुस्तकात जिला जागतिक पुरवठा साखळी म्हटलंय, तिची आमच्या वाट्याची कडी एवढीच. 'जस्ट इन टाइम'ची व्याख्याही त्यात छान चौकटीत दिली आहे. मला विचाराल तर त्यांनी गोदामात माल साठवायचा नाही आणि त्याची काळजी आम्ही पोटात साठवायची, याला जस्ट इन टाइम म्हणतात.

मुलगी पाळणाघरात होती तेव्हाची गोष्ट. त्या भागाच्या मशीनवर एक मामा होते. नात्याचे नव्हेत, पन्नाशीचे, चाकणजवळच्याच गावातले, म्हणून सगळेच त्यांना मामा म्हणत. खंडेनवमीला दुपारी ते मशीन बंद करायचे, पुसून लख्ख करायचे, झेंडूची माळ घालायचे, हळदकुंकू वाहायचे. बंद करण्याआधी निघालेला शेवटचा नग शेजारच्या फळीवर देवाच्या तसबिरीपुढे ठेवून त्यालाही कुंकवाचं बोट लावायचे. तो नग वर्षभर तिथेच राहायचा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मशीनला कोणी हात लावायचा नाही. साहेबांनाही हे ठाऊक होतं, ते लागणारा माल आदल्या दिवशीच काढून घेत.

त्या वर्षीही माल भरून तयार होता. न्हावाशेव्याला जाणारा कंटेनर दारात उभा होता. शेवटच्या खोक्यावर नजर फिरवताना मला एका नगावर ओरखडा दिसला. तो मी बाहेर काढला, त्याचाच मला पगार मिळतो. खोक्यात एक खण रिकामा राहिला.

मी मामांना म्हटलं, "मामा, एकच नग काढून द्या."

"आज न्हाई, म्याडम. आज तिला इसावा हाय."

"कंटेनर खोळंबलाय."

"खोळंबू द्या की. उद्या सकाळचा पैला नग तुमचाच."

जहाज खंडेनवमी पाळत नाही, हे त्यांना काय समजावणार? मामा प्रसाद वाटायला कॅन्टीनकडे गेले. मी फळीवरचा नग उचलला, चिंधीने पुसला, खणात बसवला आणि कागदावर सही केली. मापाला तो चोख होता, मामांच्या हातचा होता. पाच वाजता कंटेनर गेला. पाळणाघर बंद व्हायच्या आत पोहोचायचं म्हणून मी धावतच बस पकडली. दुसऱ्या दिवशी मामांनी फळीकडे पाहिलं असेलच. पण ते काही बोलले नाहीत आणि मीही विषय काढला नाही.

दोन-अडीच महिन्यांनी जर्मनीहून मेल आली. सोबत फोटो होता. नगाच्या आडव्या छिद्रात तेलात कालवलेलं लाल काहीतरी. चिंधी वरवर फिरली होती, छिद्रात नाही.

ऑफिसात सुतकी कळा आली. ऑर्डर जाणार, असं साहेब दिवसभर ज्याला त्याला सांगत होते. कारण शोधून कळवायची जबाबदारी माझ्यावर आली. त्यासाठी एक फॉर्म असतो. त्यात पाच वेळा 'का' विचारायचं आणि प्रत्येक उत्तराखाली पुढचा 'का' लावायचा. पद्धत जपानची, फॉर्म जर्मन गिऱ्हाइकाचा, भरायचा इंग्रजीत आणि भरणारी मी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. मुलीला हवं असलेलं उदाहरण यातच होतं.

भागात लाल पूड का? कुंकू होतं म्हणून. कुंकू का? ऑपरेटरने लावलं म्हणून. त्याने का लावलं? मशीनची पूजा करायची पद्धत आहे म्हणून. पद्धत का चालू राहिली? तिला लेखी मनाई नव्हती म्हणून. पाचवा 'का' खरा असा हवा होता की, देवापुढचा नग खोक्यात का गेला? मी तो लिहिला नाही. मनाई का नव्हती, असा लिहिला आणि खाली उत्तर दिलं, ऑपरेटरला पुरेसं प्रशिक्षण नाही. सगळ्या कारखान्यांत पाचवं उत्तर हेच असतं. ते कोणालाही चालतं आणि त्यात कोणा साहेबाचं नाव येत नाही. त्या दिवशी माझंही आलं नाही.

उपाय म्हणून मी लिहिलं, मशीनवर हळदकुंकू, फुलं, तेलवात बंद. साहेबांनी मान डोलावली. फळी उतरवली. मामांना मशीनवरून काढून भंगाराच्या यार्डात पाठवलं. तिथे ते उन्हात पत्र्याच्या पिंपावर बसलेले दिसायचे. मला बघून मान हलवायचे. मी घाईत असल्यासारखी निघून जायचे. तीन-चार महिन्यांनी ते स्वतःहून सोडून गेले. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज आजही आहे.

त्यानंतर आमच्याकडे दसरा जास्तच थाटात होऊ लागला. एचआरवाले पारंपरिक वेशाचा दिवस पाळतात. आम्ही बायका नऊवारी नेसून बसमध्ये अवघडून बसतो. कॅन्टीनमध्ये फेटे बांधतात, फोटो काढतात, ते जगभरच्या शाखांना जातात. मशीनवर प्लॅस्टिकच्या झेंडूची माळ असते. खरी पाकळी आत पडायला नको म्हणून तो नियमही मीच लिहिला होता. हे सगळं बघून मी थकते. काम करून येतो तो थकवा वेगळा, तो झोपलं की जातो.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आठवड्यात जर्मनीहून एक पाहुणा आला. पिकल्या केसांचा, फार न बोलणारा. त्यालाही फेटा बांधला होता. मशीनपाशी आल्यावर त्याने प्लॅस्टिकची माळ बोटाने हलवून पाहिली आणि विचारलं, "बाकीच्या कारखान्यांत मशीनवर लाल खूण पाहिली. इथे का नाही?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तुमच्या कंपनीची अट आहे."

"आमची?" तो म्हणाला. "आम्ही कशाला असं सांगू?"

दुपारी मी जुनी मेल शोधून काढली. चार ओळी होत्या. पूड कसली आहे आणि तो गंज तर नाही ना, एवढंच विचारलं होतं. गंज नसल्यास तसं कळवा, भाग वापरता येईल. संपलं. पूजा बंद करा असं त्यात कुठेच नव्हतं. ऑर्डर काढून घेऊ असंही नव्हतं. तेव्हाही मी हीच मेल वाचली होती. माझ्या भीतीने तिच्यात नको ते वाचलं आणि साहेबांच्या भीतीने त्यावर शिक्का मारला. एका माणसाचं मशीन गेलं, ते कोणी मागितलेलंही नव्हतं.

त्या रविवारी मी मामांच्या गावी गेले. घराला लागून त्यांनी पिठाची गिरणी घातली आहे. मामा वाळले होते, भुवयांवर पीठ बसलेलं. गिरणीच्या पत्र्यावर कुंकवाची पाच बोटं होती, ताजी. त्यांनी मला ओळखलं, स्टूल पुसून दिलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं.

चहा येईपर्यंत मी थांबले नाही. म्हटलं, "मामा, तो नग मी नेला होता. देवापुढचा. तुमच्यावर आलं ते माझ्यामुळे आलं."

"ठावं हाय, ताई."

"फळी रिकामी दिसली म्हणून?"

"न्हाई. परसादाचं ताट इसरलो व्हतो, त्ये न्यायला माघारी आलो. दारातनं बघितलं."

मी विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलंत साहेबांना?"

"मला कोन इचारलं?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुमी तेवढा कागद लिवला, पर खाली यिऊन कुनी एक डाव इचारलं न्हाई."

सून चहा ठेवून गेली. मामांनी बशीत ओतला, फुंकर घातली.

"आन् सांगाया मन बी झालं न्हाई," ते म्हणाले. "तुमी त्यो नग उचलला तवा आदी कपाळाला लावला. मग पुसला. म्या म्हटलं, हिला पटत न्हाई, पर हिची काय तरी नड हाय. जाऊ दे."

मी नग कपाळाला लावला होता, हे मला आठवत नव्हतं. परतताना बसमध्ये पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. अजूनही आठवत नाही.