टेलरने शिवलेल्या विजारी

सैन्याने आम्हाला दिलेल्या एकेका विजारीत दीड दीड माणूस मावला असता. युद्ध चालू होतं, मापं घ्यायला सवड होती कुणाला? एका हाताने विजार धरून आम्ही डावा-उजवा करत चालायचो. कवायत शिकवणारे उस्ताद म्हणायचे, "शाबास! बंदुका पडल्या तरी चालतील, विजारी सांभाळा."

आमच्यात एक टेलर होता. तीन पिढ्यांचा शिंपी, पण बाकी सगळ्यात ढ. नेम धरला की शेजाऱ्याच्या निशाणाच्या फळीला भोक पाडायचा. शिक्षण संपताच तुकडी आघाडीवर जाणार होती आणि त्याला एकच धास्ती होती, आपल्याला मागे ठेवतील. "तुम्ही सगळे जाणार आणि मी इथे काय बूट पुसत बसू?" असं तो रोज कुणाला तरी विचारायचा. खरं तर आमच्यातल्या निम्म्यांनी ते बूट आनंदाने पुसले असते. मीसुद्धा.

मोठे साहेब पाहणीला येणार म्हटल्यावर टेलर पेटला. कोठीतलं जुनं शिवणमशीन मागून आणलं आणि एकेकाला उभं करून मापं घेतली. "पोट आत ओढून कुणाला फसवताय?" असं त्याने चक्क उस्तादांना दरडावलं. एवढा रुबाब त्याने हातात बंदूक असताना कधी केला नव्हता.

पाहणीच्या सकाळी त्याने अंगाबरोबर करून दिलेल्या विजारींत आम्ही एकमेकांनाच ओळखू येईनासे झालो. साहेब खूश झाले. म्हणाले, "आता जरा सरपटून दाखवा."

"आडवे!" उस्ताद ओरडले आणि मैदानभर टरटर आवाज झाला. टेलरने घराण्याच्या रीतीप्रमाणे सगळ्यांची मापं उभ्याने घेतली होती. गिऱ्हाईक पोटावर सरपटेल हे त्याच्या आजोबांनाही सुचलं नसतं. सगळ्यांच्या आसनाची शिवण एकदम गेली. नमुना दाखवायला आधी आडवे झालेल्या उस्तादांचीही.

"हे कुणाचं काम?" साहेबांनी विचारलं.

टेलर पुढे आला, दोन्ही हातांनी मागची बाजू झाकून.

"उभ्याने मात्र झकास बसल्या होत्या," साहेब हसू दाबत म्हणाले. "याला इथेच ठेवा, शिवणखात्यात. असा हात आघाडीवर फुकट कशाला घालवायचा?"

सुटला बेटा, असं आम्हाला वाटलं. मला तर त्याचा इतका हेवा वाटला की मी मान फिरवली. टेलरच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्याने आमच्याकडे पाहिलं.

"साहेब, मला शिवता येत नाही."

"काय?"

"अजिबात नाही येत. बघा ना, एक तरी टिकली का? आमच्या घरात कुणालाच धड येत नाही. वडील तर... वडील नुसतं रफू करतात, साहेब. तेही वाकडं."

साहेबांनी आमच्या रांगेवरून नजर फिरवली. पुरावा उघडाच होता. "मग जा यांच्याबरोबर," ते वैतागून म्हणाले.

टेलर माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"हे माझ्या बापाला कुणी सांगायचं नाही," तो पुटपुटला. "माझं काहीही झालं तरी."