मंगळवारी दाखवल्याशिवाय टाकायचं नाही

आमच्या मामींच्या घरात काहीच टाकून देत नसत, मग तिथले किस्से तरी मी कसे टाकू? ते साठत गेलेत. एक काढायला जावं तर त्याच्या टोकाला दुसरा अडकून येतो.

कॉलेजची दोन वर्षं झाली आणि मुंबईची हवा मला मानवेना. ट्रामची घंटा वाजली तरी मी दचकायची. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, वडिलांनी मला ठाण्याला मामांकडे आणून पोचवलं. टेंभी नाक्याजवळ मामांचं घर. तिथे दर मंगळवारी दुपारी मामींच्या माजघरात आळीतल्या बायका जमत. नियम एकच: घरातली कुठलीही वस्तू मंगळवारी दाखवल्याशिवाय टाकायची नाही. मामी म्हणायच्या, "आपलं काम झालं म्हणजे वस्तूचं झालं असं कुठे आहे?"

*

पहिल्याच मंगळवारी माझी छत्री गेली.

एक काडी मोडलेली, म्हणून मी ती कोपऱ्यात उभी करून ठेवलेली. मामींनी विचारलं, मोडली का गं मथू? मी हो म्हटलं, बस्स. समोरच्या घरातल्या राधाकाकूंनी कापड उसवून नातवाच्या दप्तरासाठी घेतलं. काड्या मामींच्या तोंडलीच्या वेलाला गेल्या. मूठ आळीतल्या एका आजींच्या काठीला अशी बसली की जणू तिच्याचसाठी घडवलेली!

मी भीत भीत विचारलं, "आणि पाऊस आला तर?"

"तू भिजलीस तर वाळशील," मामी म्हणाल्या. "ती कोपऱ्यात नुसती गंजली असती."

*

घासलेटचे रिकामे डबे तर मामींचा जीव की प्राण. एकाची बादली, एकात तुळस, एकात राख. उरलेला एक परसात दोरीला टांगलेला आणि आत दगड. वारा आला की तो खडखडायचा आणि माकडं पळायची, निदान तसा बेत होता.

माकडं येत. डब्याशेजारी बसून पेरू खात. दचकायची ती मी एकटीच, दर वेळी, हातातलं भांडं सोडून! शेवटी मामांनी सुचवलं की हा डबा आता काढावा, कोणी भीत नाही त्याला.

मामींनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि डबा राहिला.

*

येसूबाई चेंदणीच्या कोळीवाड्यातल्या. मासळी देऊन झाली की टोपली उपडी करून मागच्या पडवीत बसत आणि फाटकं जाळं सांधत. बैठकीचं सगळं ऐकत, बोलत क्वचित. सांधण्यापलीकडे गेलेलं जाळं त्या मामींना देत. ते मामींनी दुधीच्या मांडवावर घातलं होतं.

एका संध्याकाळी मी परसात गेले आणि तो डबा वाजला. मी जी पळाले ती थेट मांडवात! वेणी अडकली, हात अडकला, एक दुधी खांद्यावर पडला. मी ओरडले तशी येसूबाई आल्या. आधी त्यांनी दुधी उचलून बघितला, मग मला सोडवायला घेतलं.

"या जाल्यान् येवरी मोटी कंदी गावली नव्हती," त्या म्हणाल्या.

जाळं मात्र त्यांनी कुठेही कापलं नाही. माझे केस थोडे गेले.

*

आता काशीताई. यांच्याबद्दल जरा सावकाश सांगते.

ऐन तारुण्यात नवरा गेलेला, दीर-जावेच्या घरी राहायच्या. आळीतली सगळी जुनी लुगडी, धोतरं त्यांच्याकडे येत आणि गोधड्या होऊन परत जात. त्यांचा टाका तांदळाच्या दाण्यासारखा, सारखा आणि बारीक. घरात त्यांना जी काही किंमत होती ती त्या टाक्याची. जाऊबाई एकदा बैठकीतच म्हणून गेल्या होत्या, "शिवतेय तोवर ठीक. डोळे गेले की आंबिवलीला धाडू भावाकडे." त्या भावाच्या दारात काशीताईंना कोणी उभं केलं नसतं, हे आळीला ठाऊक होतं.

चाळिशी उलटल्यावर काशीताई सुई लांब धरायला लागल्या. मग दोरा ओवायला माझ्याकडे द्यायला लागल्या, कारण सांगायच्या की तुला सवय व्हावी. एका मंगळवारी बघितलं तर टाके धोतराच्या काठावरून उतरून भलतीकडेच चाललेले.

गोधडी मामींच्या माजघरातच पसरलेली असे. काशीताई घरी गेल्या की मामी कात्री घेत. चुकलेले टाके उसवायचे आणि आम्ही पुन्हा घालायचे. मामी, राधाकाकू, मी. येसूबाईसुद्धा जाळं बाजूला ठेवून पडवीत आलेलं टोक शिवत. पुढच्या मंगळवारी काशीताई त्यावरून बोटं फिरवत. "अजून हात शाबूत आहे माझा," म्हणत.

आम्ही माना डोलवायचो. लांबचं त्यांना स्वच्छ दिसतं, आमची तोंडंसुद्धा, हे माझ्या उशिराच लक्षात आलं.

*

राधाकाकूंच्या यजमानांना जाऊन वर्ष उलटलं. ते कचेरीत कारकून होते. त्यांचा कोट दिराला गेला, धोतरं गोधडीत गेली, दौतसुद्धा कोणी नेली. देवळीत राहिला फक्त चष्मा. काकूंना तो द्यायचा नव्हता. पण नियम तो नियम. एका मंगळवारी त्यांनी तो पदराखालून काढून मध्ये ठेवला.

"यांनी कोणाला हात लावू दिला नाही कधी," त्या म्हणाल्या.

बाईमाणसाला कोण चष्मा घेऊन देतंय? आम्ही पाळीपाळीने लावून बघितला. माझ्या पाळीला जमीन अंगावर आली आणि मी किंचाळले. सगळ्या हसल्या. मामींनी चष्मा माझ्या नाकावरून काढला आणि काही न बोलता काशीताईंच्या हातात दिला.

काशीताईंनी तो लावला. आधी स्वतःचे तळहात बघितले. मग सुई. मग मांडीवरची गोधडी.



त्यांनी शिवणीवर बोट ठेवलं. "ही राधावहिनींची," त्या म्हणाल्या. बोट पुढे सरकलं. "ही गाठ जाळ्याची." पडवीत येसूबाई दुसरीकडे बघायला लागल्या. बोट आणखी पुढे येऊन थांबलं. "आणि ही मथूची."

ती माझीच होती.

"मग यात माझा टाका कुठला?"

राधाकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. काशीताईंनी गोधडी एकदा उलटून पाहिली. मग त्यांनी सुई घेतली, चष्म्यापुढे धरली आणि दोरा ओवला. पहिल्याच खेपेला.

"कात्री दे गं," त्या मला म्हणाल्या.

मी दिली. मला वाटलं, आता सगळी गोधडी फाडणार. त्यांनी राधाकाकूंची शिवण तशीच राहू दिली. येसूबाईंची गाठही. माझी बाजू तेवढी मांडीवर ओढली आणि भराभर उसवायला घेतली.

"ही अशी वाकडी राहिली तर," मान वर न करता त्या म्हणाल्या, "जाऊबाई म्हणतील, काशीचे डोळे गेले."